पिशवीच्या नावावर

माझी शस्त्रक्रिया डिसेंबर २०१८ मध्ये झाली. गुदाशयातली गाठ गुदद्वाराच्या इतक्या जवळ होती की तो मार्ग राखणे डॉक्टरांना शक्य नव्हते. रेडिएशनच्या पंचवीस बैठका आणि त्यांच्या जोडीच्या गोळ्या संपल्यावर त्यांनी काही आठवडे मध्ये जाऊ दिले, मग गाठ काढली, खालचा मार्ग टाके घालून कायमचा बंद केला आणि मोठ्या आतड्याचे टोक पोटाच्या डाव्या बाजूला, बेंबीच्या थोडे खाली, बाहेर आणून त्वचेला शिवले. या टोकाला स्टोमा म्हणतात, त्यातून येणारा मल पोटावर चिकटवलेल्या पिशवीत जमा होतो आणि या सगळ्या व्यवस्थेला कोलोस्टॉमी असे नाव आहे. आमच्या सांगली-मिरजेकडे लोक नुसते ‘पिशवी बसवली’ म्हणतात. मीही तेच म्हणते.

पिशवीची निगा कशी राखावी, काय खावे, प्रवास कसा करावा हे शिकवणारी माणसे मला बरीच भेटली. पिशवी बसल्यानंतर घरातल्या माणसाचे वागणे बदलले, तर त्यातले काय समजून घ्यायचे आणि काय अजिबात सहन करायचे नाही, हे मात्र कोणी सांगितले नाही. हा फरक कळेपर्यंत माझी अडीच वर्षे गेली आणि त्या अडीच वर्षांत घरात जे जे वाईट घडले ते सगळे मी पिशवीच्या नावावर टाकत राहिले. माझ्यासारख्या आणखी कोणी ते तसेच टाकत असतील, या काळजीने हे लिहायला बसले आहे.

उपचार परळच्या टाटा रुग्णालयात झाले. रात्री मिरजेला महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसायचे, सकाळी मुंबईत उतरायचे आणि रेडिएशनच्या दिवसांत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहायचे, असा आमचा क्रम होता. माझे पती या सगळ्यात माझ्याबरोबर होते. फायली त्यांनी सांभाळल्या, रांगेत ते उभे राहिले, रक्ताची व्यवस्था त्यांनी केली. शस्त्रक्रियेनंतर स्टोमा नर्सने आम्हा दोघांना पिशवी बदलायला शिकवले, तेव्हा पहिल्यांदा पिशवी बदलताना त्यांचा हात जरासुद्धा अडखळला नाही. मीच तोंड भिंतीकडे करून पडले होते. शेजारच्या खाटेवरच्या बाई म्हणाल्या, “नशीब काढलंत ताई, असा नवरा मिळाला.” मलाही ते मनापासून पटले होते.

घरी आल्यावर सासूबाईंचे अगदी उलट झाले. त्यांनी स्टोमा पहिल्यांदा पाहिला आणि तोंडाला पदर लावून त्या मोरीकडे धावल्या. उलटीचा आवाज मला आत ऐकू आला. पुढचे दोन दिवस त्या माझ्या खोलीत फिरकल्या नाहीत, जेवणाचे ताट मुलीच्या हाती पाठवत राहिल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी आल्या, खाटेच्या कडेला टेकल्या आणि म्हणाल्या, “मला किळस आली गं. खोटं कशाला बोलू? पण तुला दुखतंय का तिथं, ते सांग.” मी त्यांना सांगितले की स्टोमाला वेदना कळत नाही, तो गालाच्या आतल्या बाजूसारखा लाल आणि ओलसर दिसतो म्हणून भीती वाटते इतकेच, आणि पुसताना थोडे रक्त आले तरी घाबरायचे नसते. त्यांनी लक्ष देऊन ऐकले आणि म्हणाल्या, “मग दाखव नीट. परवा डोळे मिटले होते मी.”

त्या दिवसानंतर त्यांची किळस हळूहळू ओसरली. एकदम नाही, पण महिन्याभरात त्या पिशवी बदलण्याच्या दिवशी कोमट पाणी आणि मऊ फडकी घेऊन स्वतःहून यायला लागल्या. उन्हाळ्यात प्लास्टिकखाली घाम येऊन माझ्या कातडीवर पुरळ उठले, तेव्हा त्यांनी आपले जुने नऊवारी लुगडे फाडून पिशवीला सहा सुती अभ्रे शिवले. वरची भोकाची गोलाई त्यांनी वाटी ठेवून आखली होती. ते लुगडे मोरपंखी रंगाचे होते. त्यातले दोन अभ्रे अजून माझ्याकडे आहेत.

हे दोन प्रसंग मी मुद्दाम शेजारी ठेवले आहेत. ज्यांना उलटी झाली त्यांनी मला पुढे कधीही दुखावले नाही, आणि ज्यांनी न अडखळता पिशवी बदलली त्यांनी मला जे भोगायला लावले ते सांगायला मला इतकी वर्षे लागली. किळस ही शरीराची गोष्ट आहे. ती मलाही माझ्याच पोटाची आली होती. पहिले तीन आठवडे मी आरशासमोर कपडे बदलले नाहीत. त्यामुळे पिशवी पाहून कोणाचा चेहरा वाकडा झाला, कोणी चार दिवस लांब राहिले, कोणी ‘मला हे जमणार नाही’ म्हटले, तर त्याला छळ म्हणू नये असे मला आजही वाटते. जोडीदाराने पिशवी बदललीच पाहिजे असेही नाही. उलट जिथे हात चालतात तिथे रुग्णाने ते काम लवकरात लवकर स्वतः शिकावे, म्हणजे नवरा-बायकोचे नाते नर्स आणि रुग्णाचे होऊन बसत नाही.

ताण तर आमच्यातही होताच, आणि त्यातला बराचसा खरा आणि कोणाच्याही वाट्याला येईल असा होता. खालची जखम भरायला मला तीन महिने लागले आणि तोवर उशी घेतल्याशिवाय बसता येत नव्हते. केमोमुळे तोंड आले होते. रेडिएशनने फक्त गाठ भाजत नाही, आजूबाजूचे सगळे नाजूक भागही कोरडे आणि ताठर होतात आणि त्यामुळे शरीरसंबंध अतिशय दुखरे होऊ शकतात. पुरुषांच्या बाबतीत याच शस्त्रक्रियेत ओटीपोटातल्या नसांना धक्का बसून लिंगाला ताठरता न येण्याचा त्रास होऊ शकतो. हे डॉक्टरांना विचारायचे असते, त्यावर वंगण, औषधे, व्यायाम असे उपाय असतात, हे मला ठाऊक नव्हते. मी सात-आठ महिने त्यांना हात लावू दिला नाही आणि कारणही सांगितले नाही. विचारले की अंगावर धावून जायची. त्यांच्या डोक्यावर कर्ज होते, व्यवसायाकडे दुर्लक्ष झाले होते, वर्षभर त्यांना धड झोप नव्हती. या सगळ्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही, आणि माझ्या वाट्याचा दोष नाकारतही नाही. आम्ही तेव्हा कोणासमोर तरी बसून बोललो असतो तर यातले पुष्कळसे निवळले असते.

पण त्या ताणाच्या आडून दुसरेच काहीतरी सुरू झाले होते आणि ते मला ओळखता आले नाही, कारण ते फार बारीक पावलांनी आले.

सुरुवात उदबत्तीने झाली. मी संध्याकाळी शाळेतून येऊन, अंघोळ करून, पिशवी रिकामी करून बाहेरच्या खोलीत बसले की ते एक शब्द न बोलता उठायचे, दोन्ही खिडक्या उघडायचे, देवघरातली उदबत्ती आणून टीव्हीजवळ लावायचे आणि पुन्हा येऊन बसायचे. पिशवी नीट चिकटलेली असेल तर वास येत नाही. तिला गाळणी असते, प्लास्टिकही वास अडवणारे असते, आणि वास आलाच तर त्याचा अर्थ कुठेतरी गळते आहे असा असतो. पहिल्या दिवशी मी मोरीत जाऊन सगळे तपासून आले. दुसऱ्या दिवशीही तपासले. आठवड्याभरात मला स्वतःच्या नाकावर विश्वास राहिला नाही. मुलीला एकटीला बाजूला घेऊन विचारले, तेव्हा ती म्हणाली, “आई, काही वास येत नाही. बाबा उगाच लावतात.” ती तेव्हा नववीत होती. मी बसले की उदबत्ती लागते हे तिने इतके पाहिले होते की माझ्याआधी तीच बाहेरच्या खोलीतून उठून जाऊ लागली. मी त्या खोलीत बसणे सोडले. मग जेवणही स्वयंपाकघरात एकटीने करू लागले. मला कोणी ‘इथे बसू नकोस’ असे एकदाही म्हटले नव्हते.

मग पिशव्यांची मोजणी सुरू झाली. मी दोन भागांची पिशवी वापरते. त्यात पोटाला चिकटणारी चकती, जिला फ्लँज म्हणतात, चार-पाच दिवसांनी बदलते आणि तिच्यावर बसणारी पिशवी वेगळी निघते. महिन्याचा खर्च तीन हजारांच्या पुढे जायचा. माझा पगार बँकेत जमा होत होता, परंतु एटीएम कार्ड आणि पासबुक लग्नापासून त्यांच्याकडे होते आणि त्यात आम्हा दोघांनाही कधी काही वावगे वाटले नव्हते. त्यांनी ठरवले की फ्लँज आठ दिवस चाललाच पाहिजे. सातव्या दिवशी त्याच्या कडा सुटायच्या, खाली मल झिरपायचा आणि कातडी सोलवटून निघायची. सोलवटलेल्या ओल्या कातडीवर नवा फ्लँज चिकटत नाही, तो आणखी लवकर सुटतो, आणि मग त्यांना म्हणायला मिळायचे, “बघ, तुला साधी पिशवी सांभाळता येत नाही. आणि शिकवायला जातेस मुलांना.”

नातेवाइकांत ते माझ्यासमोरच सांगायचे की मी नसतो तर हिला कोणी पाहिलेही नसते. ऐकणारे माना डोलवायचे. रुग्णालयात त्यांनी जे केले होते ते खरेच होते, त्यामुळे मला तोंड उघडता येत नव्हते. त्यांच्या सेवेचे ओझे रोज एकदा माझ्यापुढे मांडले जायचे आणि त्याची परतफेड म्हणून मी गप्प बसायचे, असा आमचा जणू करार झाला होता. एकटे असताना बोलणे वेगळे असायचे. “तुला आता बाई म्हणायचं तरी कसं” हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले तो दिवस मला आठवत नाही, कारण पुढे ते इतक्यांदा ऐकले की पहिला दिवस त्यात हरवून गेला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि शाळा बंद झाली. घरातून बाहेर पडायचे जे सहा तास होते तेही गेले. त्या काळाबद्दल अधिक लिहिण्याची ताकद माझ्यात नाही. इतकेच सांगते की मी दिवसाला दोनच वेळा जेवत होते, आणि तेही थोडे, म्हणजे पिशवी कमी भरेल आणि कमी लागेल.

जून २०२१ मधल्या एका सकाळी दवाखान्यात जाण्यावरून आमचे भांडण झाले. मला तपासणीला मुंबईला जायचे होते आणि ते पैसे देत नव्हते. भांडण संपल्यावर ते उठले, पिशव्या ठेवलेल्या कपाटाला कुलूप लावले आणि किल्ली खिशात घालून बाहेर गेले. सासूबाई त्या वेळी नणंदेकडे होत्या. तासाभरात माझा फ्लँज सुटला. पोटाला जुना टॉवेल आणि त्यावर दुधाची धुतलेली पिशवी बांधून मी मोरीच्या फरशीवर बसून राहिले. साडेतीन तासांनी मुलगी घरी आली. तिने काही विचारले नाही. स्वयंपाकघरातला बत्ता आणला आणि कुलपावर घातला. चौथ्या की पाचव्या घावाला कडी निखळली. तिने मला पिशवी, कात्री, मापाचा कागद, सगळे ओळीने काढून दिले आणि मग भिंतीला टेकून इतकी रडली की मला माझे पोट तसेच ठेवून तिला आधी जवळ घ्यावे लागले. त्या रात्री मी गावी दादाला फोन केला. दादाने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाला, “सकाळी गाडी घेऊन येतो. कागद तेवढे पिशवीत भर.”

दादाच्या ओळखीच्या एका वकीलबाईंनी आम्हाला जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे पाठवले आणि तिथून एका समुपदेशक ताईंकडे. मी त्यांच्यापुढे सगळे सांगितले, पण प्रत्येक गोष्टीच्या शेवटी मी म्हणत होते की हे पिशवीमुळे झाले, पिशवीआधी ते असे नव्हते, कोणत्याही पुरुषाला हे जडच जाणार. ताईंनी मला थांबवले नाही. शेवटी त्यांनी विचारले, “पिशवी बसण्याआधी तुमच्या पगाराचं पासबुक कोणाकडे असायचं?” मी म्हटले, त्यांच्याकडेच. “आणि माहेरी जायचं तर कोणाला विचारावं लागायचं? चार माणसांत तुमचा उल्लेख ते कसा करायचे?” मला उत्तरे द्यायला वेळ लागला. बाळंतपणानंतर माझे वजन वाढले होते तेव्हा तीन वर्षे ते मला सगळ्यांसमोर एका जनावराच्या नावाने हाक मारत होते आणि मीही सगळ्यांबरोबर हसत होते. हे मी विसरले नव्हते, पण त्याचा आणि उदबत्तीचा काही संबंध आहे असे माझ्या मनात कधी आले नव्हते. माझा अपमान करण्याची त्यांची सवय जुनीच होती. आधी तिला वजन मिळाले होते, मग पिशवी मिळाली. माझे पोट पूर्ववत झाले असते तरी तिला तिसरे काहीतरी सापडले असते.

त्या दिवशी घरी परत येताना मला फार हलके वाटले असे मी म्हणणार नाही. उलट राग आला, आणि त्यातला बराचसा स्वतःचा आला. पण अडीच वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या पोटाचा राग आला नाही.

कायद्याबद्दल मला जे कळले ते थोडक्यात लिहिते, कारण कित्येक बायकांना वाटते की मारहाण झाल्याशिवाय तक्रारच करता येत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात हिंसाचाराची व्याख्या दिली आहे आणि तिच्यात शारीरिक व लैंगिक छळाबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही स्पष्टपणे येतो. अपमान करणे, टिंगल करणे, नावे ठेवणे हे त्यात आहे, आणि गरजेच्या वस्तू व पैसा मिळू न देणे हेही आहे. माझ्या कपाटाचे कुलूप या कायद्याच्या भाषेत आर्थिक छळ होते. संरक्षण अधिकारी घडलेल्या गोष्टींचा अहवाल लिहून घेतात आणि न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. छळ थांबवण्याचा, राहत्या घरातून न काढण्याचा, खर्चाचा आणि मानसिक त्रासाबद्दल भरपाईचा आदेश मागता येतो, आणि अंतरिम आदेशही मिळू शकतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही महिलेला मोफत वकील मिळतो, तिथे उत्पन्नाची अट नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर महिला आणि बालकांसाठी जो स्पेशल सेल सुरू केला, तो पुढे राज्यभर पसरला आणि तिथे प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्या बसतात. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे आणि मन फार खचले असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

कायद्याबाहेरची एक तयारीही मी आता प्रत्येकीला करायला सांगते. दहा दिवस पुरतील इतक्या पिशव्या आणि फ्लँज, कात्री, आपल्या स्टोमाचे माप आणि शस्त्रक्रियेच्या कागदांच्या प्रती घराबाहेर, बहिणीकडे, मैत्रिणीकडे किंवा कामाच्या ठिकाणी ठेवाव्यात. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा ते आठ आठवडे स्टोमा आकसत जातो, म्हणून त्यानंतरचे माप लिहून ठेवावे. घर सोडायची वेळ येईलच असे नाही, पण पिशवी कोणाच्या तरी हातात आहे म्हणून घर सोडता येत नाही, अशी वेळ येऊ नये.

मुंबईतल्या ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडियाचा उल्लेख करायलाच हवा. तिथे स्वतः पिशवी असलेली माणसे नव्या रुग्णांशी बोलतात. मी फार उशिरा अशा माणसांना भेटले. एका बैठकीत तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार आणि त्यांच्या पत्नी आल्या होत्या. त्या बागायतदारांना लहान आतड्याची पिशवी होती, जिच्यातून पातळ मल सतत येतो आणि अंगातले पाणी व मीठ लवकर कमी होते. त्या बाई सर्वांसमोर म्हणाल्या, “मला अजून बघवत नाही ते. हे बदलतात तेव्हा मी बाहेर चहा टाकते. पण बागेत निघाले की पाण्याची बाटली आणि मीठ-साखरेची पुडी मीच देते.” ते हसले. त्या हसण्यात काहीही झाकलेले नव्हते. मला तेव्हा सासूबाईंची आठवण आली. त्याच बैठकीत आणखी एक गृहस्थ होते, त्यांची बायको त्यांना मुलांच्या खोलीत पाऊल ठेवू देत नव्हती. मी वर लिहिलेला कायदा फक्त महिलांसाठी आहे, त्यामुळे त्यांच्यासारख्या पुरुषाला त्याचा आधार मिळत नाही, आणि बायको छळते हे सांगायला आपल्याकडच्या पुरुषाला दुप्पट लाज वाटते. त्यांचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेणारा माणूस तिथे होता, हेही मला त्या दिवशी थोडे नव्हते.

माझ्या बाबतीत अंतरिम आदेश मिळाला, पगाराचे खाते माझ्या हातात आले आणि त्यानंतर मी शाळेजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या. त्याच घरात राहण्याचा हक्क मला होता आणि वकीलबाईंनी तो बजावून सांगितला होता. पण त्या मोरीत मला पुन्हा पाऊल ठेवायचे नव्हते. माझे पती वर्षभर समुपदेशनाला येत होते, मग येईनासे झाले. आम्ही वेगळे राहतो. मी त्यांना आजही अहोजाहो करते आणि मुलीसमोर त्यांना नावे ठेवत नाही. ती मोठी आहे, तिने कुलूप स्वतःच्या हाताने तोडले आहे, तिला मी काही वेगळे सांगायची गरज नाही. रुग्णालयातले ते हात खोटे होते का, हा प्रश्न मला अजून कधीकधी रात्री पडतो. खोटे नव्हते असेच मला वाटते, आणि तरी मी परत जाणार नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवणे जमायला लागले आहे.

आता मी चौथ्या दिवशी फ्लँज बदलते. त्याला पंधरा मिनिटे लागतात. जुना फ्लँज ओल्या फडक्याने कडेपासून सैल करत काढायचा, कातडी नुसत्या कोमट पाण्याने धुवून पूर्ण कोरडी करायची, नव्या फ्लँजला स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठे भोक कापायचे आणि तो बसवल्यावर वर तळहात ठेवून दोन-तीन मिनिटे स्वस्थ राहायचे, म्हणजे हाताच्या उबेने तो नीट चिकटतो. त्या मिनिटांत करायला दुसरे काहीच नसते. मोरीबाहेर कोणी दार वाजवत नाही.

सासूबाई महिन्यातले दहा-बारा दिवस माझ्याकडे येऊन राहतात. मुलाला त्या काय सांगून येतात ते मी विचारत नाही. या घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी त्यांनी पिशवीतून आपला अन्नपूर्णेचा छोटा टाक काढला, स्वयंपाकघराच्या फळीवर मांडला आणि त्याच्यापुढे उदबत्ती लावली. मी भाजी निवडत होते. वास नाकात गेला आणि माझा हात आपोआप पोटावर, पिशवीच्या कडेवर गेला, कुठे सुटली आहे का ते चाचपायला. मी बोलले काहीच नाही. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिले, मग माझ्या हाताकडे पाहिले. उदबत्ती त्यांनी चिमटीत धरून विझवली आणि खिडकीबाहेर टाकली. तेव्हापासून माझ्या घरी त्या देवापुढे फक्त निरांजन लावतात.